शून्याने उघडलेले खाते

देवासच्या टेकडीखाली, राममंदिरामागच्या आळीत उमाशंकरपंत राहतात. त्या मंदिराचा हिशेब त्यांनी उभी हयात लिहिला. मंदिराचा एक जुना दंडक होता: देवाच्या नावावर उधार आणायचे नाही. तूप, कापूर, उत्सवाचा मंडप, जे येई ते रोखीने येई. पैसे कमी पडले तर मंडप लहान होई. त्यामुळे पंतांना देण्याचे खाते कधी मांडावेच लागले नाही. जमा, खर्च आणि शिल्लक एवढ्यावर त्यांचे हिशेबशास्त्र उभे होते, आणि त्याच्याशी ते व्रतस्थासारखे एकनिष्ठ राहिले.

निवृत्तीनंतर घराचा हिशेब त्यांच्याकडे आला. मुलगा श्रेयस रोज इंदूरला नोकरीसाठी जातो. सून मेधा, माहेरची धारची, एका कारखान्याच्या कचेरीत आहे. श्रेयसने लॅपटॉपवर घरखर्चाचे सॉफ्टवेअर घालून दिले आणि गुढीपाडव्याला, पूजा आटोपून, पंतांनी त्यात खाती उघडली. आधी बँकेचे, मग नव्या क्रेडिट कार्डाचे. पडद्याने विचारले, आरंभीची शिल्लक किती? कार्ड अजून वापरलेले नव्हते, तेव्हा उत्तर शून्य होते. परंतु या घराण्यात नवे खाते शून्याने उघडत नाहीत. श्रीकार घालून श्रीशिल्लक म्हणून काही अंक मांडतात, निदान सव्वा रुपया तरी. कार्डासोबतच्या पत्रात ‘उपलब्ध रक्कम दीड लाख’ असे छापले होते. पंतांनी तोच अंक भक्तिभावाने मांडला.

पुढे सारे सुरळीत चालले. किराणा, विजेचे बिल, नात चिऊची औषधे कार्डावर येत. पंत सायंकाळी दिवा लावून झाला की नोंद करीत आणि कार्डाची शिल्लक तेवढी उतरे. महिनाअखेरीस बँकेतून बिल भरले की ती पुन्हा चढे. पंतांना ती मंदिराच्या दानपेटीसारखीच वाटे. श्रेयस फक्त खर्चाची रंगीत चक्रे पाही आणि म्हणे, “बाबा, कमाल है, एकदम टनाटन!”

मेधाच्या मनात पाळणाघर काढायचे होते. कारखान्यात पाळीने जाणाऱ्या तिच्या मैत्रिणींची मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भरवशावर असत. नोकरी सोडायला पंतांची ना नव्हती, अट मात्र एक होती: सहा महिन्यांचा खर्च, अडीच लाख रुपये, हाताशी हवा. दिवाळी सरली आणि सॉफ्टवेअरने घराची एकूण शिल्लक दाखवली, दोन लाख सत्तर हजार सहाशे चाळीस. पंतांनी स्वतःच सुनेला बोलावून सांगितले, “मेधा, सोमवारी राजीनामा दे. माझा शब्द.”

रविवारी सकाळी, राजीनाम्यापूर्वी एकवार ताळा घ्यावा म्हणून, त्यांनी कार्डाचे मासिक विवरण प्रथमच पडद्याशेजारी ठेवले. एरवी ते त्यातला भरावयाचा आकडाच पाहत. विवरण म्हणत होते, देणे एकेचाळीस हजार तीनशे साठ. पडदा म्हणत होता, शिल्लक एक लाख आठ हजार सहाशे चाळीस. पंतांनी एकेक नोंद ताडली. एकही चुकलेली नव्हती. शेवटी त्यांनी दोन्ही आकड्यांची बेरीज केली. ती नेमकी दीड लाख भरली. पाडव्याचा तो अंक त्यांना आठवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि दीड लाखाच्या जागी शून्य लिहिले. घराची शिल्लक एक लाख वीस हजार सहाशे चाळीस झाली.

मेधा ओट्याशी पोहे परतत होती.

“सूनबाई, गॅस बंद कर. माझ्या हातून चूक झाली आहे.”

“काय झालं, मामंजी?”

त्यांनी सांगितले. काही लपवले नाही, सॉफ्टवेअरला बोल लावला नाही. मेधा ऐकत राहिली.

“म्हणजे बँक जे उधार द्यायला तयार होती, ते आपण आपलंच म्हणून धरलं?”

“धरले. श्रीशिल्लक म्हणून.”

तिला हसू आले आणि ते अर्ध्यावरच थांबले. “आणि मी तिकडे चौघी मैत्रिणींना हो म्हणून बसले, मामंजी. राजीनामा पर्समध्ये आहे.”

श्रेयस दारात येऊन उभा होता. “अहो बाबा, बँकवाले पाया पडतील तुमच्या! उधारीची पूजा करणारा ग्राहक त्यांना कुठे मिळायचा?”

“तू गप्प बस रे भिया,” मेधा माळवी ठसक्यात म्हणाली. “रंगीत चक्रं बघण्यातून तुला सवड कुठे होती?”

पंत म्हणाले, “शब्द माझा आहे. माझ्या काशीयात्रेची ठेव मोडतो.”

“नको. अट तुमची होती आणि मला ती पटली होती. सोयीसाठी आता मोडायची नाही.” तिने पोह्यांवर झाकण ठेवले. “रविवारची पाळी असते ना त्या बायकांना. मला रविवारी सुट्टी. पुढच्या रविवारपासून पुढच्या खोलीत तेवढाच दिवस घेते मुलं. राजीनामा अडीच लाख खरे झाले की.”

“आणि त्या चौघी?”

“त्यांना मी सांगते. रागावतील जरा.”

पंत म्हणाले, “रविवारी मीही घरीच असतो.”

त्याच दुपारी मेधाने त्यांना लॅपटॉपशी बसवले. पंतांनी नवे खाते उघडले, त्याला ‘पाळणाघर’ असे नाव दिले आणि नावाआधी श्रीकार घातला. पडद्याने आरंभीची शिल्लक विचारली. त्यांचा हात किंचित थबकला.

“काय घालायचं, मामंजी?”

“आहे ते,” पंत म्हणाले, आणि त्यांनी शून्य लिहिले.