सरदाराचा ड्रेस आणि बँडवाल्यांचे कोट

मला आयुष्यात एकच हौस होती, नाटकातल्या सरदाराचा ड्रेस घालायची. लोक हसतात. हसू द्या. उंचीनं मी बुटका, डोक्यावर केसांचा दुष्काळ, सावली गावच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. असल्या माणसानं हौस कशाची करावी, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण हौस होती ती होती.

आमच्याकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हिवाळ्यात बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला की त्या रात्री गावात नाटक ठरलेलं. दरवर्षी मी तालमीला जायचो, दरवर्षी सरदाराचं काम मागायचो आणि दरवर्षी मला हातात भाला देऊन दाराशी उभं करायचे. वाक्य एकच. "महाराज, बाहेर दूत आला आहे." ते मी असं काही पल्लेदार म्हणायचो की बिचाऱ्या दूताला आत यायची लाज वाटावी. तरी अख्ख्या मांडवात त्या वाक्याला शिट्टी मारणारा माणूस एकच, माझा दोस्त. तो सिंदेवाहीला धानाच्या संशोधन केंद्रात नोकरीला आहे. मूळचा एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावचा, गोंड. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. तेव्हापासून माझ्या घरी आला की चपला काढता काढता थेट स्वयंपाकघरात घुसतो आणि गंज-पातेल्यांवरची झाकणं उचलून बघतो. माझी बायको मला वाढत नाही इतकं त्याला वाढते.

आता साळ्याचं सांगतो. माझा साळा म्हणजे चालता-बोलता उपद्व्याप. ताडोब्याच्या वाटेवरचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथून त्यानं रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका उचलून आणल्या. गोळी लागली की फुटते आणि अंगावर रंग पसरतो. लागला तो मेला. झालं, दर रविवारी सकाळी तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या आमराईत आमची लढाई सुरू. मी, साळा, माझा दोस्त, मेडिकल स्टोअरवाला आणि असेच आणखी काही पोट सुटलेले वीर. धावलो कमी, धापा जास्त टाकल्या.

बनियानवर लढून लढून कंटाळा आला तेव्हा साळा म्हणाला, "भाऊजी, ड्रेस पाहिजे. ड्रेसशिवाय लढाईले मजा नाई."

नाटकांचे ड्रेस भाड्यानं देणारे एक म्हातारे भाऊ आमच्या ओळखीचे. उन्हाळ्यात त्यांच्या ट्रंका नुसत्या पडून असतात. ते म्हणाले, "घेऊन जा बापा. तेवढंच ऊन लागंल कपड्यायले." ट्रंक उघडली आणि वरच होता तो. जरीकाठी अंगरखा, शेला, कंबरेला तलवार आणि पगडी. पगडीवर मोत्यांचा तुरा. मोती प्लास्टिकचे होते, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते खरं होतं. मी झडप घातली.

ड्रेस आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी सरदार, मेडिकलवाला इंग्रजांच्या खाकीत, माझा दोस्त साध्या टी-शर्टात, आणि साळा? साळा आला काळा कोट, काळे बूट आणि दंडावर लाल पट्टी लावून. ज्या जर्मन फौजेनं माणसं गॅसच्या खोल्यांत कोंडून मारली, त्या फौजेचा ड्रेस. माझं डोकं सणकलं.

"उतरव तो कोट."

"काऊन?"

"अबे, लाखो माणसं मारली त्यायनं!"

"मी मारली का? मले तर हा फिटिंगले बसला म्हणून घेतला."

तेवढ्यात पाळीवर मोहफुलं वेचणाऱ्या बाया आल्या. त्यांनी साळ्याला पाहिलं आणि एकच गलका केला. एक म्हातारी बाई तर टोपली खाली ठेवून, मूठभर मोहफुलं उचलून साळ्याच्या तोंडावर मारत ओरडली, "मेल्या, पोरीले सोड अगुदर! कुठी लपवली तिले?"

साळा गार. मग माझ्या ध्यानात आलं. झाडीपट्टीच्या नाटकात तो काळा कोट म्हणजे पोरगी पळवणारा. नाटक सासू-सुनेचं असो की डाकूंचं, खलनायकाच्या अंगावर हाच कोट, कारण ड्रेसवाल्या भाऊंकडे दुसरा नाही. त्या बाईला जर्मनी ठाऊक नव्हती, पण हा माणूस वाईट आहे हे पक्कं ठाऊक होतं. "पाह्य," मी साळ्याला म्हणालो, "तिले कळलं, तुले कळत नाई."

दंडावरची पट्टी बघितली तर आणखीच गंमत. त्या पट्टीवरचं वाकडं चिन्ह पाहून ड्रेसवाल्या भाऊंच्या बायकोला वाटलं होतं की कोण्या अडाण्यानं स्वस्तिक तिरपं काढलं. बाईनं ते उसवलं, सरळ शिवलं, वरून चार टिंबं दिली आणि दसऱ्याला हळदकुंकू पण वाहिलं. त्यामुळे आमचा साळा अर्धा सैतान आणि अर्धा सत्यनारायण दिसत होता.

पण मी काही ऐकणारा नव्हतो. आंब्याखाली सगळ्यांना बसवलं आणि कमरेची तलवार सावरत नियम सांगितला. "हे पाहा गा. ज्या ड्रेसला पाहून कोणाच्या घरच्या माणसाच्या पोटात गोळा आला असेल, तो ड्रेस आपल्या खेळात चालणार नाही."

"आपल्या तालुक्यात तर या कोटानं कोणाच्या पोटात गोळा नाई आला," साळा म्हणाला.

"कुठल्याही घरी! जगात कुठंही!"

साळ्यानं तोंड वाकडं करून कोट उतरवला. मग मेडिकलवाल्याची खाकी. तो स्वतःच म्हणाला की त्याच्या पणज्याला जंगलातून काटक्या आणल्या म्हणून गोऱ्या साहेबाच्या शिपायांनी झाडाला बांधलं होतं. खाकी उतरली. सोबत आणलेल्या ट्रंकेत खाली एक हिरवा ठिपक्याठिपक्यांचा ड्रेस होता, जंगलातल्या लढाईचा, पोलिसांचाही तसाच आणि नक्षल्यांचाही. तो मी उचलायच्या आधीच माझ्या दोस्तानं घडी घालून परत तळाशी ठेवला. "हा नको," तो म्हणाला. "हा कोणत्या बाजूचा हे पाह्यलेही कोणी थांबत नाई आमच्याकडं." मी ट्रंकेचं झाकण लावलं.

मी मात्र खूश. न्यायनिवाडा कसा झटपट झाला! उठलो, शेला झटकला आणि म्हणालो, "चला, लढाई सुरू."

"अन् तुमचं काय, सरदार?" माझा दोस्त बसल्या जागेवरून म्हणाला.

"माझं काय?"

"ड्रेस."

"अबे, हा तर आपला ड्रेस आहे!"

"आपला म्हणजे कोणाचा?" तो हसतच बोलत होता. त्याला हसल्याशिवाय बोलताच येत नाही. "नागपूरकर मराठ्यांच्या फौजेचा ड्रेस होय हा. याच फौजेनं आमचा चांदा, म्हणजे गोंडांचं राज्य घेतलं, आमच्या राजाले कैदेत टाकलं. आमच्या घरी लेकरू जेवलं नाई का माय म्हणे, नागपूरचा घोडा येऊन राह्यला. त्या घोड्याच्या धाकानं मी किती कारली खाल्ली, तुले ठाऊक नाई."

सगळे खो खो हसले. मी पण हसलो. तो म्हणाला, "हासा. पण मी खरं सांगून राह्यलो."

माझा पारा चढला. "अडीचशे वर्षं झाली बे त्याले!"

"तुझ्या नियमात वर्षं कुठी होती?"

साळ्यानं टाळ्या वाजवल्या. नालायक. मी दोस्ताला म्हणालो, "अन् ट्रंकेतून काढला तेव्हा काऊन नाई बोलला?"

"तू इतका खूश दिसला का मले वाटलं, जाऊ दे."

"मंग आता काऊन बोलला?"

"आता तू न्यायाधीश झाला ना."

ज्याला उत्तर नसतं तो काय करतो? रागावतो. मी तलवार उपसून (ती लाकडी होती, म्यानात अडकली) म्हणालो, "मी ड्रेस काढणार नाही. तुले खेळायचं तर खेळ, नाई तर नको खेळू." आणि स्कूटरला किक मारून निघालो. शेला मागच्या चाकात जायला लागला म्हणून एका हातानं शेला धरला, दुसऱ्या हातानं हँडल, आणि पगडी धरायला तिसरा हात कुठून आणणार? बसस्टँडवरचा चहावाला ओरडला, "या सरदार, कट चहा मारून जा, मंग लढाई!" एक कुत्रं पार घरापर्यंत मागं लागलं. दारात बायको उभी. "आले का किल्ला जिंकून?" ती म्हणाली. "तलवार बाहेर ठेवा, मंगच जेवाले बसा."

तो आठवडा वाईट गेला. दोस्ताचा फोन नाही. मीही केला नाही. का करायचा? चूक त्याची, खेळात इतिहास त्यानं आणला! मग दुकानात एकटा बसलो की वाटायचं, माझा आजा तरी कोण होता? तलावात जाळं टाकून मासोळ्या धरणारा. आमच्या घराण्यात घोडा सोडा, गाढवावरही कोणी बसलं नसेल. नागपूरची फौज आली असेल तेव्हा आमच्या घरचेही पाण्यात मुंडकी लपवूनच बसले असतील. मग मी भांडलो कोणासाठी? एका प्लास्टिकच्या तुऱ्यासाठी. हे कळत होतं, तरी ड्रेस परत करायला हात धजत नव्हता. आयुष्यात एकदाच तर मिळाला होता.

रविवारी सकाळी बायकोनं वांग्यात झिंगे, म्हणजे सुकी कोळंबी, घालून भाजी केली. दोस्ताची आवडती. मी आतल्या खोलीत जाऊन पुन्हा सगळा ड्रेस चढवला. शेवटचं एकदा आरशात बघू म्हटलं. त्यातच दार वाजलं.

उघडलं तर दोस्त.

"येऊ का आत, सरदार?"

मी हसलो. तोही हसला. पण आत आला नाही. चपला पायातच, आणि उंबऱ्याबाहेरच उभा.

"ये ना बे."

"पगडी आहे ना घरात," तो म्हणाला. हसतच म्हणाला. पण पाय काही उचलला नाही.

ज्या माणसानं आजवर माझ्या घराला दार आहे हेच कधी मानलं नाही, तो दारात उभा राहून परवानगी मागत होता, आणि ती मी पगडी घालून द्यायची होती. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मी पगडी काढली. शेला काढला, तलवार काढली, अंगरखा काढला, आणि समोरच्या घरची काकू नळावर भांडी घासत होती हे पार विसरून सुरवारीच्या नाडीला हात घातला.

"अबे थांब, थांब!" दोस्त ओरडला. "इतकीही माफी नको!"

काकूनं घागर डोळ्यांसमोर धरली. दोस्तानं चपला काढल्या, मला बाजूला ढकललं आणि थेट आत. लगेच झाकण उचलल्याचा आवाज आला. "वहिनी, झिंगे!" त्या आवाजानं माझा जीव भांड्यात पडला.

जेवून आम्ही दोघं ड्रेस परत करायला गेलो. ड्रेसवाल्या भाऊंना म्हटलं, असा ड्रेस द्या ज्यानं कधी कोणाचं वाईट केलं नाही. भाऊ विचारात पडले. "राजा नको, शिपाई नको, साहेब नको. डाकू तर नकोच. मंग देवाचा देऊ का? पण देवायनं तर लई मारले." बराच वेळ ट्रंका उचकून शेवटी त्यांनी एक गाठोडं काढलं. जुन्या बँडपार्टीचे लाल कोट. सोनेरी झालरी, खांद्यावर गोंडे. "यायनं फक्त लोकायचे कान फोडले," भाऊ म्हणाले. "बाकी पाप नाई."

पुढच्या रविवारी आमराईत सगळ्यांनी कोट चढवले. मेडिकलवाला मात्र कोट हातात धरून उभा. याच कोटवाल्या बँडनं कॉलेजात त्याला आवडणाऱ्या पोरीची वरात नेली होती, आणि नवरदेव तो नव्हता. तेव्हापासून तो बिनलग्नाचा. नियम म्हणजे नियम. बरीच चर्चा होऊन त्याला कोट उलटा घालायची परवानगी दिली. अस्तर पिवळं निघालं आणि तो झेंडूच्या फुलासारखा दिसायला लागला.

सगळेच लाल, त्यामुळे आपला कोण आणि शत्रू कोण हे कोणालाच कळेना. साळ्यानं पहिल्याच फटक्यात स्वतःच्या बाजूचे लोक गार केले आणि विजयाची आरोळी ठोकली. मोहफुलं वेचणाऱ्या बाया पाळीवर बसून विचारत होत्या, "नवरदेव कुठी आहे?" मी एका आंब्याआड दबा धरून बसलो होतो. पाठीवर फटकन गोळी बसली. वळून पाहिलं तर पलीकडच्या झाडामागून माझा दोस्त दात काढत होता.

मेलो म्हटल्यावर पडणं आलं. पण मी असा तसा पडणार नव्हतो. बुंध्याला धरून उभा राहिलो, खांद्यावरचे गोंडे सरळ केले, अदृश्य भाला टेकला आणि अख्ख्या आमराईला ऐकू जाईल असं म्हणालो, "महाराज, बाहेर दूत आला आहे." मग पडलो.

आणि मग त्या झाडामागून शिट्टी आली.