मावशीची मिशी

एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली आणि एकतीस वर्षं फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एकच वाक्य लिहीत आले: वस्तूला काळी कड नसते. पाचवीची मुलं वांगं काढतात तेव्हा सगळ्यात आधी काळ्या स्केचपेननं त्याच्याभोवती कुंपण घालतात. मी विचारायची, "घरी भाजीत कधी काळी तार लागली का रे दाताखाली?" वर्ग हसायचा आणि पुढच्या तासाला पुन्हा कुंपण घालायचा. मी मार्क कापायची. शेडिंगच्या बाबतीत तर मी जास्तच कडक होते. मडकं गोल आहे, उजेड डावीकडून आहे, मग करडा रंग हळूहळू गडद होत गेला पाहिजे, आणि कुठे बदलला ते कळताच कामा नये. बोटानं घासा, कापसानं घासा, पण सांधा दिसू देऊ नका.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असतील. एप्रिलमधल्या एका सकाळी तिशीतली एक बाई पाठीवर बॅग लावून दारात उभी राहिली. "मॅडम, ओळखलं?"

"हो तर," मी म्हणाले. ओळखलं नव्हतं. पण एवढं खोटं शिक्षकांना बोलावंच लागतं.

"मी टोपलीवाली. सातवीत टोपली काढली होती. वीसपैकी अकरा दिले होते तुम्ही."

आता मात्र आठवली. या मुलीनं बांबूच्या टोपलीची एकेक पट्टी काळ्या पेननं घेरली होती. खरं सांगायचं तर टोपली मोठी झकास होती. पण नियम तो नियम.

आतून आमच्या यांनी आवाज दिला, "कोण आलं वं?"

"माझी विद्यार्थिनी."

"मार्क वाढवून मागाले आली का?"

ती खळखळून हसली आणि मला जरा हायसं वाटलं. पुण्यात काही वर्षं नोकरी करून ती नागपूरला परतली होती. दोन मित्रांबरोबर तिनं व्हिडिओ गेम बनवायची छोटीशी कंपनी काढली होती, दाताच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांत. तिनं लॅपटॉप उघडून आपला गेम दाखवला. एक मुलगी सायकलवर जेवणाचे डबे घेऊन शहरभर फिरते, गल्लीबोळांतून वाट काढते आणि डबे थंड व्हायच्या आत पोचवते. गोष्ट चांगली होती. पण त्या मुलीला काळी कड होती. सायकलीला कड, कुत्र्याला कड, पाण्याच्या टाकीला कड. रंगसुद्धा असे की उजेड जिथे संपला तिथे कात्रीनं कापल्यासारखी सावली सुरू. मधे काही नाही.

"अगं, हे काय केलंस?"

"मॅडम, याला सेल शेडिंग म्हणतात." आणि ती मला समजावून सांगू लागली. पूर्वी कार्टून पारदर्शक फिल्मवर, म्हणजे सेलवर, रंगवायचे. पुढच्या बाजूनं रेघ, मागच्या बाजूनं सपाट रंग. कॉम्प्युटरवरच्या गोल, भरीव वस्तूंनाही तसंच हातानं काढल्यासारखं रूप द्यायचं, ती ही पद्धत. काळ्या कडेसाठी प्रत्येक वस्तूच्या मागे तीच वस्तू जराशी फुगवून काळी उभी करायची.

"म्हणजे प्रत्येकाच्या मागे त्याचं काळं भूत?"

"अगदी बरोबर. अन् मॅडम, हे मुद्दाम केलेलं आहे. चुकून नाही." तिनं हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की टोपलीचा सगळा हिशोब तिनं तिथेच चुकता केला.

माझ्याकडे तिचं काम वेगळंच होतं. गेममधलं शहर नागपूरचं असूनही नागपूर वाटत नव्हतं. सावल्या जांभळ्या होत्या. "जांभळ्या काहून?" मी विचारलं, तर म्हणाली, "कुणाला माहीत, सगळ्या गेमांत तशाच असतात." तिला माझ्याकडून इथल्या भिंतींचे, रस्त्यांचे, आभाळाचे रंग हवे होते. मी होकार दिला. घरी बसून बसून मलाही कंटाळा आला होता.

आठवडाभर खपून मी सहा चित्रं केली. इतवारीतली गल्ली, महालातला चौक, कळमन्यातले संत्र्यांचे ढीग. जलरंगात, एकात एक विरघळणारी. मोठ्या ऐटीत त्यांच्या कचेरीत घेऊन गेले. खालून दातांच्या मशीनचा आवाज येत होता. तिचा एक भागीदार, दाढीवाला प्रोग्रामर, सगळी उजेडाची व्यवस्था पाहायचा. त्यानं माझी इतवारीची गल्ली बराच वेळ न्याहाळली.

"फार सुंदर आहे, मॅडम. या भिंतीत रंग किती आहेत?"

"ते कोण मोजतं?"

"आम्हाला दोन पाहिजेत. एक उन्हातला, एक सावलीतला."

"आणि मधला?"

"मधला नाही."

"नाही म्हणजे?"

"नसतोच, मॅडम."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. हे उमरेडच्या विणकरांच्या घरातले. स्वतः जन्मभर पोस्टात राहिले, पण बोलताना अजून मागावर बसतात. म्हणाले, "त्यात काय रडाचं आहे? धागा एक तर लाल असते नाही तर पिवळा. हळूहळू लाल होत जाणारा धागा माह्या बापानं काही आणला नाही कधी. तरी लोकं लुगडी नेतच होते नं?"

 दुसऱ्या दिवशी मी कागदावर भिंतीसाठी दोनच चौकोन रंगवले. दोन रंगांत भिंत उभी करणं हे वीस रंगांपेक्षा कितीतरी अवघड निघालं. वीस रंगांत एखादी चूक खपून जाते. दोनांत ती ओरडते.

मे लागला आणि एके दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, जरा येऊन जाता का? मावशीला मिशी आली."

गेममध्ये चौकात एक फळवाली मावशी होती. तिचा डबा सगळ्यात आधी पोचवायचा, कारण ती रागीट. सकाळी मावशी छान दिसायची. पण गेममधला सूर्य डोक्यावर आला की तिच्या नाकाची सावली बरोबर वरच्या ओठावर पडायची, आणि इथे तर उजेड म्हणजे उजेड आणि सावली म्हणजे सावली. तपकिरी, ठसठशीत, झुपकेदार मिशी. मावशीनं मान वळवली की मिशी गालावर चालत जायची.

प्रोग्रामर चार दिवस झटत होता. सूर्य जरा सरकवला तर मिशी गेली, पण एक डोळा काळा झाला. नाक लहान केलं तर मावशी मांजरीसारखी दिसू लागली. "नाकच काढून टाकू का?" त्यानं थकून विचारलं.

"भर चौकात बाईचं नाक कापता?" मी म्हणाले. "अहो, कॉम्प्युटर प्रामाणिक आहे. सावली पडते तिथे तो दाखवतो. चित्रकार तसं करत नाही. चित्रात सावली पडत नसते, आपण पाडतो."

 मग टोपलीवाली म्हणाली, "मग तुम्हीच पाडून द्या."

बोलून तर बसले होते. पण वयस्कर चेहऱ्यावर ऊन नेमकं कसं फिरतं ते मी कधी धड पाहिलं नव्हतं. शाळेत मडकं ठेवायचे ते उत्तरेच्या खिडकीत, पडदा अर्धा ओढून. आता खरा चेहरा हवा होता, आणि घरात माझ्याखेरीज एकच चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी यांना गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. हातात पन्ह्याचा पेला दिला. तासातासाला येऊन बसायचं, मी काढून घेणार, असं ठरलं.

"इकडे पाहू का तिकडे?"

"समोर. बोलू नका, ओठ हलतो."

"मले ऊन लागून राहिलं."

"लागू द्या, त्यासाठीच बसवलंय."

बारा वाजता माझ्या लक्षात आलं की सगळी मेहनत वाया चालली आहे. यांना मिशी आहे. लग्नाच्या आधीपासूनची, जाड, व्यवस्थित कातरलेली. नाकाची सावली कुठे संपते आणि मिशी कुठे सुरू होते हे देवालाही सांगता आलं नसतं. मी जपून विषय काढला.

हे खुर्चीतून उठलेच. "गेमातल्या बाईची मिशी काढाले माही मिशी काहून?"

 संध्याकाळपर्यंत आमच्यात फक्त कूलर बोलत होता. मी आरसा घेऊन स्वतःचा चेहरा काढायला बसले, पण आरशात पाहायला मान खाली केली की सावली हलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे न्हाणीघरातून बाहेर आले ते तोंडावर रुमाल धरून. मी विचारलं, "दात दुखतो का?" यांनी रुमाल काढला. चौतीस वर्षांच्या संसारात मी यांचा वरचा ओठ पहिल्यांदा पाहिला. लांबोडका, पांढरट, लहान मुलासारखा. मला हसू आवरेना. 

"हास वं, हास," हे म्हणाले आणि आपणहून गच्चीकडे निघाले. समोरच्या बाल्कनीतल्या वहिनींनी नंतर मला हळूच विचारलं, घरी दीर आले आहेत का म्हणून.

त्या दिवशी दुपारी एक वाजता, यांच्या नाकाकडे बघता बघता माझं लक्ष आजूबाजूला गेलं. कठड्याची सावली गच्चीवर अशी पडली होती की कडेवर बोट ठेवलं तर कापेल. इकडे पांढरं, तिकडे तपकिरी. मी मधला रंग शोधू लागले. जिन्याच्या भिंतीवर नव्हता. यांच्या गालावर नव्हता. टाकी तरी गोल आहे, तिथे सापडेल म्हणून डोळे बारीक करून पाहिलं, तर दिपलेल्या डोळ्यांना तिथेही दोनच रंग दिसले. आभाळ पांढरंफटक आणि त्यावर विजेच्या तारा सरळ काळ्या रेघांसारख्या. मी याच शहरात जन्मले, याच उन्हातून एकतीस वर्षं शाळेत गेले, आणि मुलांना शिकवला तो कुठल्यातरी थंड देशाच्या पुस्तकातला उजेड. मला शरमल्यासारखं झालं, आणि खरं म्हणजे मजाही वाटली.

"झालं का?" हे विचारत होते. "मी भाजून राहिलो इथं."

तीन दिवसांत मी मावशीच्या चेहऱ्याचे नऊ कागद केले. मान समोर, अर्धी वळलेली, पूर्ण वळलेली, आणि सूर्य कुठे असताना सावलीची हद्द कुठे. नाकाची सावली बाजूला, छोट्या त्रिकोणाएवढी. ओठावर कधीच नाही. टोपलीवालीनं कागद पाहिले, लाल पेन काढलं आणि तीन ठिकाणी गोल केले.

"मॅडम, घासलं तुम्ही."

खरंच घासलं होतं. बोटाला सवय, मला कळलंही नव्हतं. शेजारी तिनं लिहिलं होतं: कड स्पष्ट हवी. मी ते तीन कागद पुन्हा केले, बोट कागदाला न लावता.

प्रोग्रामरनं मग अशी व्यवस्था केली की चेहऱ्यापुरतं कॉम्प्युटरनं आपलं गणित करायचं नाही, माझ्या कागदांत पाहून सावली लावायची. पहिल्यांदा कागद उलटे बसले आणि मावशीला मिशीऐवजी दाढी आली. खालचे दाताचे डॉक्टर आमचं हसणं ऐकून वर आले. दुसऱ्यांदा सगळं नीट बसलं. सूर्य चढला, माथ्यावर आला, उतरला. मावशी ओठ मोकळा ठेवून रागानं डब्याची वाट पाहत राहिली. टोपलीवालीनं टेबलाखालून माझा हात दाबला.

भिंतींची सावली आम्ही शेवटी विटकरी केली, चुन्याच्या भिंतींची निळसर. गेम हिवाळ्यात बाहेर आला. फार गाजावाजा झाला नाही, पण खेळणाऱ्यांनी बरं लिहिलं. परदेशी राहणाऱ्या कुणीतरी लिहिलं की हा चौक पाहून त्याला तहान लागली. तिनं मला ते वाचून दाखवलं, दोनदा.

मग एका रविवारी तिनं आमच्याच लॅपटॉपवर गेम घालून दिला. यांनी पहिला मान घेतला. मिशी तोवर पूर्ववत झाली होती. बाण कुठले, थांबायचं कसं, हे सगळं समजून घेऊन यांनी सायकल काढली, दोन चौक नीट गेले, आणि कडुनिंबाखाली येऊन उभे राहिले. राहिलेच.

"अहो, डबे थंड होताहेत," मी म्हणाले.

"होऊ दे. ऊन किती आहे पाहून राहिली नं?"

"तो गेम आहे."

"मग? पोरीनं काय उन्हात मराचं? चार वाजेपर्यंत थांबतो, मग निघतो."

पाच मिनिटं आम्ही दोघं पडद्यावरच्या त्या सावलीकडे बघत बसलो. कुत्रा येऊन सायकलीपाशी बसला. शेवटी मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला, पायडल मारलं, पहिल्याच वळणावर डब्यांसकट नालीत गेले, आणि हे इतके हसले की स्वयंपाकघरात दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.