नवरंगाची खोटी शीळ

गेल्या मे महिन्यात पळसदरीच्या धरणामागच्या वाटेवर मी नवरंग पाहिला. हिरवी पाठ, शेपटीखाली लालभडक. घाईत फोटो काही निघाला नाही. आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, तर मोहोपाड्याच्या कॉलनीतले सर लगेच उत्तरले, "मॅडम, खंड्या असेल. चष्म्याचा नंबर तपासून घ्या." सगळ्यात मोठी लेन्स त्यांची, म्हणून शब्दही त्यांचाच. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ग्रुपच्या यादीतून माझा नवरंग उडाला. वर्षभर जो भेटेल तो विचारायचा, "काय, नंबर वाढला का?" अस्सं डोकं सणकायचं! म्हटलं, थांब मेल्या, तुला दाखवतेच.

यंदा मेच्या शेवटच्या रविवारी 'नवरंग पुन्हा आलाय' म्हणून सरांना त्याच वाटेवर नेलं. आदल्या संध्याकाळी मी करवंदीच्या जाळीत एक चिमुकला स्पीकर लपवून आले होते. खिशात मोबाइल, त्यात नवरंगाची शीळ. बटण दाबलं की जाळी बोलायची.

पहिल्याच शिळेला सर कॅमेरा रोखून धाडकन पालथे पडले.

"इथंच हाय सर, हलू नका," मी म्हटलं आणि आंब्याखाली जाऊन बसले. सर सरपटत पुढे गेले की मी गप्प. वैतागून उठायला लागले की पुन्हा शीळ. ऊन चढलं, काटे टोचले, लाल मुंग्या कॉलरमध्ये शिरल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. अकरा वाजता स्पीकर बाहेर काढायचा, सरांचं तोंड व्हिडिओत घ्यायचं आणि ग्रुपवर टाकायचं, असं ठरलेलं.

अकराला पाच कमी होते. शीळ वाजली. मी बटण दाबलंच नव्हतं.

खरा नवरंग वाळक्या पाल्यावर टुणटुण उड्या मारत आला आणि छाती काढून स्पीकरसमोर उभा राहिला. आपल्या जागेत कोण घुसलंय, ते बघायला आला होता. सरांचा कॅमेरा कटाकटा वाजला.

सर उठले. मान मुंग्यांनी लालेलाल, डोळ्यांत पाणी. "चुकलो मी, मॅडम. वर्षभर तुमची चेष्टा केली." तिथंच उभं राहून त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'मॅडम खरं बोलत होत्या. सगळ्यांसमोर माफी मागतो.'

"असू दे हो सर," मी म्हटलं. मनात म्हटलं, मेल्या, निदान माफी तरी मागायची नव्हतीस.