वसुधाताईंची मतं बाद झाली होती

वसुधाताईंना आम्ही फसवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आणि मला हे कळलं परवा.

इथे परदेशात, रोटोटुना उपनगरात, त्या आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहायच्या. आमच्या कंपनीत पार्ट-टाइम काम मीच त्यांना मिळवून दिलं.

काम असं, की एका प्रश्नाला मशीन पाच उत्तरं देतं. ती खरंच वेगळी आहेत की सारखीच, ते पाच माणसांनी सांगायचं. त्यावरून मशीनने शिकायचं, दरवेळी तेच दळण दळायचं नाही.

एकदा प्रश्न होता, भात उरलाय, काय करू?

ताई पाचही उत्तरं वाचून म्हणाल्या, “अगं, हा पाचही वेळा फोडणीचा भातच आहे. एकात कढीपत्ता, एकात शेंगदाणे. वेगळं काय त्यात?”

बाकी चौघांनी ‘वेगळी’ लिहिलं. शब्द वेगळे होते ना.

ताई अशा जवळजवळ रोज एकट्या पडायच्या. एकदा गाडीत मला म्हणाल्या, “माझंच चुकतंय का गं?”

मी आमच्या टीम लीडला, निखिलला विचारलं. तो म्हणाला, “छे, हीप्स युजफुल, खूप उपयोगी आहेत त्यांची मतं. सांग त्यांना.”

गणपतीत ताईंच्या घरी जेवायला बसून त्याने स्वतःही हेच सांगितलं. वर मोदक मागून घेतले.

केमो चालू असतानाही ताई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायच्या. “आजचे राहिलेत,” म्हणायच्या.

परवा कामासाठी जुना कोड उघडला. त्यात एक फिल्टर होता. ज्याचं मत बाकीच्यांशी जुळत नाही, त्याची सगळी मतं बाद.

ताईंची मतं दुसऱ्या आठवड्यापासून बाद.

मशीनला वेगळेपणा शिकवायला निघालो होतो आम्ही. आणि वेगळं बोलणारी एकच बाई होती, तिलाच काढून टाकलं.

निखिल म्हणाला, “अगं, डेटाचं स्टँडर्ड क्लीनिंग आहे ते. त्यांना उगाच वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

निखिल, तू हे वाचशीलच. दोन वर्षं तू माझ्या तोंडून त्यांना खोटं सांगितलंस. मला तुझा भयंकर राग आलाय.

काल ताईंच्या घरी गेले होते. काकांनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, चहा केला. मग म्हणाले, “हिचं काहीतरी राहिलं असेल ना गं त्या मशीनमध्ये?”

मी म्हणाले, “हो काका.”

काका, नाही राहिलेलं. काहीच नाही. समोर बसून सांगायचा धीर झाला नाही. संध्याकाळी येतेय, काय बोलायचं ते बोला मला.

ताई, आज श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही. नमस्कार करते फक्त.