सुधाकरच्या पायाशी बसलेला माणूस

आधीच सांगते, मी चर्चला जाणारी बाई असले तरी दृष्टान्त, साक्षात्कार असल्या गोष्टींना हसणाऱ्यांतली आहे. सभेत कुणी "मला प्रकाश दिसला" म्हणत उठलं की मी शेजारणीला कोपर मारायची... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

माझं माहेर सौसर, सासर पांढुर्णा. घर रेल्वे लाइनच्या पलीकडे, दोन खोल्या आणि मागे अंगण. नवरा सुधाकर संत्र्याची पिकअप चालवायचा. लग्नानंतर तोही चर्चला यायला लागला, सासूबाई मात्र आपल्या देवघराशीच राहिल्या. भांडण कधी नव्हतं, चहा एकत्रच व्हायचा.

मागच्या वर्षी संत्र्याचा तोडा सुरू झाला आणि सुधाकरला पोटाचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, तसंच शिवलं आणि घरी न्या म्हणाले.

आमच्यात उभं राहून साक्ष द्यायची पद्धत आहे – देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणीतरी म्हणालं, विश्वास पक्का असेल तर बरं झाल्याची साक्ष आधीच द्या. मी दिली! उपास धरलेला, तरी मोठ्यानं म्हणाले, "प्रभूनं माझ्या नवऱ्याला बरं केलं आहे." टाळ्या, हालेलुया, बायकांनी मिठ्या मारल्या... घरी आले तर सुधाकरनं पाणीसुद्धा ओकून टाकलं होतं.

त्यानंतर तो खालावतच गेला. सभेतली माणसं भेटायला यायची आणि माझ्याकडे असं बघायची, जणू माझाच विश्वास कमी पडला. मी चर्च सोडलं. प्रार्थनेला बसले की तोंडातून शिव्याच यायच्या. खरंच.

त्या दिवशी भर दुपारची वेळ. सुधाकर कण्हत होता, पाय सुजून गार पडलेले, गोळीनं काही फरक नाही. मी भिंतीला डोकं टेकून ओरडले, "अरे, आहेस तरी का तू? बरं करायचं नसेल तर ने त्याला... पण हे असं नको!"

थोड्या वेळानं कण्हणं थांबलं. मला वाटलं, गेला. वळून पाहिलं तर त्याचे डोळे उघडे, नजर पायांकडे. कितीतरी दिवसांत धड न बोललेला माणूस स्पष्ट बोलला, "त्यायले खुर्ची दे ना वं. कवाचे खालीच बसून हायेत."

"कोणाले?"

तो डोळे मिटून झोपी गेला. औषधाची गुंगी असेल, मी मनाला समजावलं.

तेवढ्यात अंगणातून सासूबाई आल्या. ताटात तीन कप चहा.

"गेले काय पाहुणे? चहा तं घेऊ द्याचा होता."

"कोण पाहुणे, आई?"

"अवं, सुधाचे पाय दाबून राहिले होते ना! मी चुलीपासून पाह्यलं. म्हनलं, तुमच्या चर्चचेच असतीन."

खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. पुढच्या दाराला आतून कडी, आणि मागच्या दारासमोर अंगणात त्या स्वतःच चुलीशी बसलेल्या. सुधाकर काय बोलला ते त्यांना ऐकू गेलेलं नव्हतं. मला भीती नाही वाटली, संताप आला. "बरं कराचं सोडून पाय दाबाले आला?" मी किंचाळलेच. सासूबाईंनी बावरून ताट खाली ठेवलं.

संध्याकाळी सुधाकर झोपेतच गेला.

आता मी पुन्हा चर्चला जाते, पण साक्षीला उभी राहत नाही. लोधीखेड्यात, बोरगावात कुणी अंथरुणाला खिळलंय असं कळलं की जाऊन बसते. बरं होईल असं कुणालाही सांगत नाही. पूर्वी मला असं नुसतं बसणं जमलंच नसतं.

परवा सासूबाई डाळ निवडत होत्या, मी पुन्हा विषय काढला. चेहरा कसा होता, कपडे काय होते? त्या वैतागल्या.

"कितीदा इचारतं वं! मान खाली होती त्याची, चेहरा कुठी दिसते? रडून राहिला होता तो मानूस. सख्ख्या भावावानी रडून राहिला होता. म्हनून तं मी आत याले येळ लावला."

हे त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं.

माझी नर्स असलेली भाची म्हणते, भास. दोघांना एकाच वेळी, एकच? आणि जिनं हाक मारली तिला काहीच दिसू नये? मला खरंच माहीत नाही. रोज प्रार्थनेला बसते, मागत काही नाही. एवढंच विचारते – तुला तर बरं करता येत होतं ना... मग तू रडत का होतास?