बेरजेचा रकाना

धारक: महिला, वय एकतीस. हुद्दा: निरीक्षक, वजने व मापे. सेवा: आठ वर्षे, विनातक्रार (दुकानदारांच्या तक्रारी वगळून). ओळखीची खूण: डाव्या अंगठ्यावर शिक्का मारताना हातोडी लागल्याचा वण. ताब्यातील उपकरणे: दोन, एकाच दिवशी कार्यान्वित, क्षमता परस्परांशी विसंगत. उपकरणांची एकमेव ग्राहक: वय दोन महिने, दात नाहीत, तक्रार तोंडी व तत्काळ.

बाजारात तिला काटेबाई म्हणत. म्हणजे ती पाठमोरी असताना म्हणत. वळली की मॅडम.

काटेबाई दुकानात शिरली की आधी नुसती उभी राही. पारडं खाली येताना कसं वाजतं ते ऐके. मग मखमलीची पेटी उघडून पितळी वजनं चिमट्यानं काढी, कारण बोटाचा तेलकटपणासुद्धा वजनाला लागतो. एक मासळीवाला पारड्याखाली लोहचुंबक लावून बसायचा. तो तिनं न वाकता पकडला. आवाज अर्ध्यात तुटला एवढंच म्हणाली. भाजीवाला कुरकुरला, "मॅडम, दोन ग्रॅमनं काय होतंय?"

"काहीच होत नाही," ती म्हणाली, "म्हणून तर ते घालायला तुम्हाला जड जायला नको."

आठ वर्षांत तिनं कुणाचं लिंबूसुद्धा फुकट घेतलं नाही आणि आवाजही चढवला नाही. अशा माणसाचा बाजाराला राग येतो, आणि चार वर्षांनी त्याच्याशिवाय करमत नाही. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिच्या जागी आलेला निरीक्षक चहा घ्यायचा. लोकांना ते आवडलं नाही.

रजा संपायला साडेसहा आठवडे राहिले तेव्हा तिनं दूध काढायचा पंप आणला. हिशोब साधा होता. ती कामावर गेल्यावर पोरीला दिवसभरात तीन बाटल्या लागणार, त्या सासूबाई पाजणार, आणि त्यात दूध आपलंच असावं असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्यावर घरात कुणी वाद घातला नाही, कारण तिच्याशी वाद घालायचा तर आकडे लागत.

पंपाबरोबर दोन बाटल्या होत्या. त्या तिनं आधी मोजपात्र लावून तपासल्या. साठच्या रेघेवर अठ्ठावन्नच भरत होतं. तिनं सुईनं स्वतःची रेघ ओढली आणि कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं आभार मानून तिसरी बाटली पाठवली. तीही अठ्ठावन्न.

मग ती पंप लावून बसली. उजवीकडं नव्वद मिलिलिटर, डावीकडं तीस.

एका मोजणीवर निकाल द्यायचा नाही, हा तिचा नियम. पाच दिवस, ठरलेल्या वेळी, त्याच खुर्चीत. आकडे तेच. वहीत चार रकाने होते: तारीख, डावी, उजवी, तफावत. शेवटच्या रकान्यात पाचही दिवस साठ, आणि खाली तिच्या सुबक अक्षरात, "मान्य मर्यादेबाहेर."

"आई, तुमचं असं होतं का हो?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"मला काय माहीत?" लंगोटांच्या घड्या घालत त्या म्हणाल्या. "तीन पोरं अंगावर पाजली. डाव्या बाजूनं किती आणि उजव्या बाजूनं किती, ते त्यांनीही सांगितलं नाही. पोट भरलं की झोपायची, आणि मी सुटले म्हणायची."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं आपल्या परीनं धीर दिला. "अगं, लिफ्टच्यासुद्धा दोन बाजू सारख्या नसतात. एकीकडं माणसं, दुसरीकडं लोखंड. तरी वर जातेच ना?"

"लिफ्ट कुणी पीत नाही," ती म्हणाली.

आता तराजूचं एक पारडं जड असलं तर दोनच उपाय असतात. हलक्यात शिसं घाला, नाहीतर जडातून काही काढा. शिसं घालायची सोय नव्हती. तेव्हा तिनं जडातून काढायचं ठरवलं. पोरगी भुकेजली की डावीकडंच घ्यायची, रडली तरी डावीकडंच, म्हणजे डावीला सवय लागेल. उजवी दगडासारखी झाली तरच थोडी मोकळी करायची, तीही नाइलाजानं, एखाद्या गबर दुकानदाराला मुदतवाढ द्यावी तशी.

पोरीनं पहिल्याच दिवशी निषेध नोंदवला. डावीकडं दोन मिनिटं ओढायची, सोडायची, मूठ आवळून उजवीकडं तोंड वळवायची. सासूबाई बघत होत्या.

"ती तिकडं मागतेय."

"तिकडं जास्त आहे म्हणून मागतेय, आई."

"मग? जास्त असेल तिथंच माणूस मागणार ना. तू काय तिला न्याय शिकवतेस?"

दहा दिवसांनी वहीत डावी चौतीस आणि उजवी बासष्ट होती. तफावत साठावरून अठ्ठावीसवर आली होती. कुठल्याही कचेरीत याला उल्लेखनीय सुधारणा म्हणतात. तिनंही तसं लिहिलं. मग पोरीला घरच्या काट्यावर ठेवलं. तो काटा तिनं स्वतः पाच किलोच्या प्रमाण वजनानं तपासला होता, त्यामुळं त्याला दोष देता येत नव्हता. दहा दिवसांत पोरगी ऐंशी ग्रॅम वाढली होती. अडीचशेच्या आसपास वाढायला हवी होती.

तिनं परत ठेवून पाहिली. परत ऐंशी.  सासूबाई एरवी टोमण्याची संधी सोडत नसत, पण त्या वेळी त्यांनी नुसती पोर उचलून घेतली, आणि तेच तिला जास्त लागलं.

बाळांच्या दवाखान्यात पन्नाशीची सिस्टर होती. दोघींची जुनी ओळख, म्हणजे फार गोड नव्हे. दोन वर्षांपूर्वी काटेबाईनं तिथला बाळं तोलायचा काटा बंद करून सील ठोकलं होतं. चाळीस ग्रॅम जास्त दाखवायचा.

"तुमच्यामुळं महिनाभर आया माझ्यावर चिडल्या होत्या," सिस्टर म्हणाली. "आधी सगळ्यांची बाळं गुटगुटीत असायची. बसा. काय झालं?"

काटेबाईनं वही पुढं केली. सिस्टरनं चष्मा लावून सगळी पानं वाचली, अगदी शेवटच्या शेऱ्यापर्यंत, आणि विचारलं, "बेरीज कुठंय?"

"कसली बेरीज?"

"डावी अधिक उजवी."

बेरजेचा रकाना वहीत नव्हता. आठ वर्षं तिनं फरक काढले होते. किती असायला हवं आणि किती आहे, यातलं अंतर. बेरीज दुकानदार करतो. निरीक्षक बेरीज करत नाही. तिनं तिथंच पेनानं केली. आधी एकशेवीस होती. सुधारणेनंतर शहाण्णव.

"तुम्ही दोन्ही बाजू सारख्या करत होता," सिस्टर म्हणाली. "बाळ बेरीज पितं, मॅडम. जास्त काढलं तर जास्त येतं, कमी काढलं तर आटतं. उजवीचा काय गुन्हा होता?"

काटेबाईनं पेनाला टोपण लावलं.

"आणि इतक्या वर्षांत दोन्ही बाजू सारख्या असलेली एक बाई मी पाहिलेली नाही. पंप आणलाय? लावा बघू."

सिस्टरनं डावीकडं वाकून पाहिलं, टेबलावरची पट्टी उचलली आणि मोजलं. पंपाची छातीला लावायची दोन्ही नरसाळी एकाच मापाची होती. उजवीला ती बसत होती. डावीला तीन मिलिमीटरनं मोठी, त्यामुळं नको तेवढी त्वचा आत ओढली जायची आणि दूध मागं राहायचं.

"नरसाळं कुणी तपासलं होतं?"

बाटल्या तिनं तपासल्या होत्या, रेघा तपासल्या होत्या, घरचा काटा तपासला होता. नरसाळं तपासलं नव्हतं. न तपासलेलं साधन लावून तिनं निकाल दिला होता आणि तो निकाल पोरीवर बजावला होता. एवढ्यासाठी तिनं भल्याभल्यांच्या दुकानांना सील ठोकलं असतं.

"बाळ अंगावर किती पितं ते पंप सांगतच नाही," सिस्टर म्हणाली. "ते वजन सांगतं. सुरुवात डावीवर करा, भूक कडक असताना. मग उजवी द्या, हवी तेवढी, हात आखडू नका. पंप दोन्हीकडं, डावीला पाच मिनिटं जास्त. तीन-चार दिवसांनी दाखवायला आणा. आणि पाठ टेका हो, परीक्षेला बसल्यासारख्या काय बसता."

इथं तिचं मोठेपण सांगायला हवं, कारण ते तिनं कुणाला दाखवलं नाही. स्वतःचा निकाल चुकल्यावर माणसं साधारणपणे कंपनीला, हवेला किंवा सासूला दोष देतात. तिनं घरी येऊन वहीच्या प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारली, "रद्द, तपासनीसाची चूक" असं लिहिलं आणि खाली सही केली. मग नवं पान काढून पट्टीनं पाचवा रकाना आखला. सासूबाईंना म्हणाली, "आई, तुमचं बरोबर होतं."

सासूबाई घाबरल्या. "बरं वाटत नाहीये का तुला?"

डावीला लहान नरसाळं आलं. पहिले तीन दिवस फारसं काही हललं नाही, पण चौथ्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर पोरगी शंभर ग्रॅमनं वर होती. सिस्टर म्हणाली, "चालू ठेवा." मग उजवी हळूहळू भरून आली, एखादं रुसलेलं माणूस दोनदा बोलावल्यावर येतं तशी. चौथ्या आठवड्यात वहीत डावी बेचाळीस, उजवी ब्याण्णव. तफावत पन्नास, म्हणजे त्या उल्लेखनीय सुधारणेच्या जवळजवळ दुप्पट. बेरीज एकशेचौतीस. पोरीच्या मांडीला पहिली वळी पडली.

ती कामावर रुजू झाली. कचेरीत दूध काढायला जागा नव्हती. होती ती प्रमाण वजनांची खोली. तिला खिडकी नाही, धूळ नाही, आतली हवा बारा महिने सारखी गार, आणि किल्ली फक्त तिच्याकडं. खेरीज दाराला अडकवायची एक जुनी पाटी होती: "तपासणी चालू आहे. दाराजवळ हालचाल करू नये." दिवसातून तीनदा ती पाटी लागू लागली. आत काटेबाई पितळी वजनांच्या रांगेसमोर, भिंतीला पाठ टेकून बसे.

आठवड्यानं साहेबांनी विचारलं, "अलीकडं बरीच तपासणी दिसते. कसली?"

"द्रव मापांची, साहेब."

"काही गंभीर?"

"तफावत आहे. पण पुरवठा पुरेसा आहे."

साहेबांनी मान डोलावली. कचेरीत इतकं सरळ उत्तर त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

पुढं मासळीवाल्याची सून बाळंत झाली आणि पंप लावला तरी डावीकडं दूधच येत नाही म्हणून रडायला लागली. चुंबकवाला मासळीवाला मान खाली घालून कचेरीच्या पायरीशी उभा राहिला. काटेबाईनं पंपाच्या नरसाळ्याचं माप घ्यायला सांगितलं, सिस्टरचा पत्ता दिला, आणि परत वळताना विचारलं, "काटा कसा आहे?"

"बरोबर आहे, मॅडम."

"मी उद्या बघते."

अंतिम अहवाल: ग्राहक, वय पाच महिने, वजन सहा किलो चारशे ग्रॅम, दोनदा तोलून. उजवे उपकरण: समाधानकारक. डावे उपकरण: क्षमता निम्म्याहून कमी, दुरुस्तीला मर्यादित प्रतिसाद, तफावत मान्य मर्यादेबाहेर, वापरात ठेवण्याचे कारण नमूद करावे.

पोरगी झोपते ती डावीकडंच.