चाखायची मनाई

भाभीनं कोलस्लॉचं पातेलं उचललं आणि माझ्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये उलटं केलं. नळ सोडला. पांढरं पाणी जाळीवर साचलं, कोबीचे धागे वर तरंगायला लागले. सकाळी मी चिरलेली कोबी, किसलेलं गाजर, दही, मेयोनीज. सगळं गेलं.

"मंदा, तू नवीन कर," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "हिनं चाखलं यातलं."

चाखलं होतं. खरं आहे. चमचा वरून धरला, तळहातावर थेंबभर घेतलं, तळहात चाटला, हात साबणानं धुतला. चमच्याला माझं तोंड लागलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीचा आचारीही भाजी अशीच चाखतो. त्याचं पातेलं कोणी उलटं करत नाही.

बाहेर टेबलांवर पोरं बर्गरची वाट बघत बसली होती. आत मी बेसिनपाशी उभी. कानशिलं तापली होती, आणि तरी पहिला विचार काय आला? की आपलंच काहीतरी चुकलं असेल. त्या विचाराची मला आजही चीड येते.

कॅफे सावंगीच्या रस्त्यावर होता. मेडिकलच्या पोरापोरींचा तिथं सारखा राबता. भाभी मालकीण, व्यापारी घरातली. नवऱ्याचं वर्ध्याला कापडाचं दुकान, कॅफे मात्र तिचा स्वतःचा. स्वयंपाकघरात आम्ही दोघी. मंदाताई सेलूकडची, शेतकरी घरातली, माझ्याहून मोठी. मी अल्लीपूरची. नवऱ्याबरोबर सावंगीला खोली करून राहत होते.

कोलस्लॉ हे नाव मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. भाभीनं मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ दाखवला. "पत्ताकोबीची कोशिंबीर होय व, निसती इंग्लिश बोलते," मंदाताई म्हणाली आणि आम्ही तिघीही हसलो. बर्गरमध्ये तेच, सँडविचमध्ये तेच, प्लेटच्या कडेलाही तेच.

करून करून कळलं की पदार्थ मोठा फसवा आहे. कोबी बारीक चिरून मीठ लावून ठेवली, पिळली, की कोरडी दिसते. दही-मेयोनीजचं ड्रेसिंग घातलं तरी वाटतं, कमीच पडलं. अजून घालायला हात शिवशिवतो. घातलं की मेलेच. कोबीत अजून पाणी असतंच, ते ती हळूच सोडते आणि थोड्या वेळानं पातेल्याच्या तळाशी ताक साचतं. पावसाळ्यातली कोबी जास्त सोडते, थंडीतली कमी. म्हणून हात आखडता घ्यायचा, जरा थांबायचं, चाखायचं, लागलं तर मग अजून घालायचं. डोळ्यांवर भरवसा ठेवून हे काम होत नाही.

सुरुवातीला मी चाखत होते. भाभीच म्हणायची, "पाहा बरं, आंबट तं नाई झालं जास्त?" मी सांगायची, ती ऐकायची. साखर घाल म्हटलं तर घालायची. मला ते फार आवडायचं, कशाला लपवू? मी एखाद्या गोष्टीला पुरे म्हटलं आणि ती तिथं थांबली, असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नव्हतं.

मग एक दिवस भाभीची नणंद आली. काउंटरपाशी चहा पिता पिता तिनं मला विचारलं, "अल्लीपूरची काय तू? अल्लीपुरात कुठं?"

गाव ओळखणारा माणूस असं विचारतो तेव्हा त्याला तुमच्या घरी यायचं नसतं. माझ्या आईनं मला लहानपणीच बजावलं होतं, कोणी असं विचारलं की उत्तर देण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे पाह्यजो. मी पाहिलं. मग सांगितलं, "बुद्धविहाराच्या बाजूले."

"अच्छा, अच्छा," नणंद म्हणाली. कप खाली ठेवला आणि भाभीकडे बघितलं. बस, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी भाभीचा आवाज साखरेत घोळलेला. "आता किचनमध्ये चाखाचं नाई बरं का. लोकं हायजीन पाह्यते आजकाल. एकटी मंदा चाखन."

शंका घेणाऱ्या माणसाचं एक दुखणं असतं. त्याच्या हातात पुरावा नसतो. भांडी घासताना माझ्या डोक्यात तेच चालायचं. खरंच हायजीन असेल का? एकाच माणसानं चाखावं, यात वाईट काय? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुले सगळीकडे तेच दिसते. सगळे तसे नसते." मला वाटलं, असेलही. आपल्याच मनात घाण असेल. समोरच्यावर शंका घेता घेता मी स्वतःवरच घ्यायला लागले होते. ती शंका जास्त वाईट.

मी भाभीवर नजर ठेवायला लागले. माझी पाण्याची बाटली आधी फ्रीजमध्ये असायची. आता ती बाहेर ओट्याच्या टोकाला दिसायची. विचारलं तर, "जागा नाई व फ्रीजमध्ये." जागा होती. मी फ्रीज उघडून बघितला. माझा चहा कान तुटलेल्या कपात यायला लागला. कप कोणाचाही तुटतो, मी स्वतःला समजावलं. मग एकदा मंदाताईनं ड्रेसिंगचा चमचा सरळ तोंडात घातला आणि तोच परत भांड्यात बुडवला. भाभी शेजारीच उभी होती. तिनं विचारलं, "जमलं काय?" आणि गेली. तेव्हा हायजीन कुठं गेलं होतं, कोणास ठाऊक.

तरी मी गप्प राहिले. काम हवं होतं.

गंमत अशी की कोलस्लॉ करायचं माझ्याकडेच राहिलं. चाखणार मंदाताई, आणि ती तव्यावर अडकलेली. हाक मारली की "आलीच व, आलीच" म्हणायची आणि यायची नाही. भाभी मागून घाई करायची. मी नुसत्या नजरेनं ड्रेसिंग ओतायची. एका दुपारी गर्दी उसळली होती, कोबी कोरडी दिसली, मी ओतलं. बर्गर टेबलावर जाईपर्यंत खालच्या पावाचा लगदा झाला. एका पोरानं प्लेट परत पाठवली.

भाभी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिच्या हाताले अंदाजच नाई. या लोकायले काय समजते असल्या गोष्टीतलं!"

या लोकायले. भाषा घसरली आणि आतलं बाहेर आलं. की मला आता प्रत्येक शब्दात तेच ऐकू येत होतं? त्या संध्याकाळी मी एकच ठरवलं, काय आहे ते एकदाचं बघायचं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी चाखलं. ठरवून चाखलं, आणि तळहातावर चाखलं, म्हणजे हायजीनला बोट ठेवायला जागा उरू नये. भाभी काउंटरवर असताना लपून चाखता आलं असतं. मी ती आत यायची वाट बघितली. तिच्यासमोर तळहातावर थेंब घेतला. आणि तिनं पातेलं उचललं.

बेसिनमध्ये नळ वाहत होता. मी तो बंद केला.

"भाभी, चमच्याले माह्यं तोंड लागलं काय?"

"तसं नाई व."

"मंग कसं?"

तिनं रिकामं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "घरी देवाले बी जाते कधीमधी इथलं."

"देव बर्गर खाते काय, भाभी?"

तव्यापाशी मंदाताईला हसू फुटलं आणि तिनं ते लगेच गिळलं. भाभीचा चेहरा लालभडक झाला. "जास्त बोलू नको. कोबी चिर. चाखाचं मंदा पाहून घेईन."

मंदाताई माझ्या कानाशी आली. "समजून घे न व. काऊन वाढवून राह्यली?"

मी समजून घेतलं. तिथंच, ओल्या हातांनी उभ्या उभ्या. माझ्या हातची चिरलेली कोबी यांना चालते. ती मी पिळते, तिचं पाणी माझ्या बोटांमधून गळतं, ते चालतं. त्याच बोटांनी कालवलेलं पोरं चाटूनपुसून खातात. माझी जीभ तेवढी चालत नाही. कारण चाखणारी बाई ठरवते. पुरे म्हणते, कमी म्हणते, बिघडलं म्हणते. यांना माझे हात हवे होते. ठरवणारी मी नको होते. आणि वर म्हणायचं, हिला अंदाज नाही. अंदाज यायची वाटच बंद करून टाकायची आणि मग हसायचं. आमच्या बाबतीत हे असंच होत आलंय, शाळेपासून, आणि मी दर वेळी माझंच काही चुकलं का ते शोधत बसले.

राग आला. खूप आला. पण रागाबरोबर अंगावरचं ओझंही उतरलं. मी खुळी नव्हते. मला जे दिसत होतं ते तिथं होतं.

मी सुरी ओट्यावर ठेवली. "चाखाची मनाई असन, तं चिरत बी नाई मी."

"तं जाय मंग! तुह्यासारख्या ढेर भेटते."

"भेटतीन. त्यायले खरं कारण सांगजा, भाभी. हायजीन नका म्हणू."

ॲप्रन काढला. मागचं दार जवळ होतं, तरी मी टेबलांमधून गेले. पोरं मान वर करून बघत होती. एकीनं विचारलं, "काय झालं मावशी?" मी थांबून सांगितलं, काय झालं ते, मोठ्यानं. ती गोरीमोरी झाली आणि प्लेटकडे बघायला लागली. बाकीचे खात राहिले.

घरी नवरा म्हणाला, "आता?" मी म्हटलं, दुसरं काम पाहीन. पुढं किती दिवस घरात तंगी होती आणि तो माझ्याशी तुटक बोलत होता, तेही खरं. मी सोडलं म्हणून जग बदललं नाही. भाभीचा कॅफे जोरात सुरू आहे.

आता मी एका मेसमध्ये रांधते. पहिल्याच दिवशी मालक म्हणाला, "घरच्यासारखंच समजजो." घरच्यासारखं म्हटलं की माझे कान टवकारतात. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "मी बौद्ध. जे रांधते ते चाखते. चालत असन तं आत येते, नसन तं आत्ताच सांगा." तो घाईघाईनं म्हणाला, "चालते न! काऊन नाई चालन?" जरा जास्तच घाईनं म्हणाला. मी ते ऐकून ठेवलंय.

त्याचं बोलणं खरं निघेल की खोटं, मला माहीत नाही. मी बघते आहे आणि बघत राहणार. मला कोणी संशयी म्हटलं तर म्हणू दे. ज्या दिवशी कोणी माझा चाखायचा हात धरेल, त्या दिवशी मी गॅस बंद करीन आणि जेवणाऱ्या सगळ्यांसमोर त्याच्या तोंडून कारण वदवून घेईन. ते ऐकल्याशिवाय मी त्या स्वयंपाकघरातून हलणार नाही.